परदेशी आजीची अहिराणी

आमच्या वाचनगटात नऊ जण आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही धुळ्यात, देवपुरातल्या एका डॉक्टरताईंच्या घरी वरच्या मजल्यावर जमतो. गट त्यांनीच सुरू केला. दर महिन्याला एकाचा नंबर. ज्याचा नंबर त्याने पुस्तक निवडायचं, बाकीच्यांनी कुरकुर न करता ते वाचायचं आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलायचं. कुरकुर न करण्याचा नियम आजवर कोणी पाळलेला नाही, बाकी सगळं नीट चालतं.

मी या गटात गेले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. शाळेत गणित शिकवते, वाचनाचं वेड लहानपणापासूनचं. पहिल्याच दिवशी एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि कौतुकाने म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर तयारच असतं. "तुमचंही छान आहे," मी म्हणाले.

त्या क्षणभर गोंधळल्या आणि मग एवढ्या मोठ्याने हसल्या की खालून डॉक्टरताईंच्या सासूबाईंनी काय झालं म्हणून हाक मारली. त्या बाई आता माझ्या जिवाभावाच्या मैत्रीण आहेत.

त्यांचं तसं काही चुकलं नव्हतं. मला पहिल्यांदा बघणारा माणूस मला धुळ्याची समजत नाही. माझी आई भडगावकडची, गिरणेच्या काठच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. बाबा टांझानियाचे. तिथल्या एका मोठ्या सरोवराच्या काठच्या गावातून ते शेतकी शिकायला महाराष्ट्रात आले. आई त्याच कॉलेजात होती, वर्गातल्या तीन मुलींपैकी एक. मी रंगाने बाबांवर गेले, केसांनी बाबांवर गेले, आणि हट्टीपणात कोणावर गेले यावरून आमच्या घरात अजून वाद आहे.

तर गटात जाऊन मला तीन वर्षं झाली होती. माझा नंबर आला की मी एकाच जातीची पुस्तकं निवडायची. ग्रामीण कादंबऱ्या. शेत, दुष्काळ, पाटाचं पाणी, भाऊबंदकी. बोलीभाषा जितकी अवघड तितकं उत्तम. एकदा तर जात्यावरच्या ओव्यांचा जाडजूड संग्रह आणला आणि सगळ्यांना महिनाभर घाम फोडला. मला वाटायचं, ही माझी आवड आहे. थोडी होतीही.

आमच्या गटात एक नाना आहेत. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. मोजकं बोलतात, पण बोलतात ते टपालाचा शिक्का मारल्यासारखं. एका रविवारी चहा घेताना ते म्हणाले, "मॅडम, तीन वर्षं बघतोय. तुम्ही नेहमी आमचीच पुस्तकं आणता. तुमचं पुस्तक कधी आणणार?"

मी हसले आणि विषय बदलला. पण स्कूटरवरून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात जाळ झाला होता. आमची म्हणजे काय? तुमची म्हणजे काय? माझ्या आजोबांनी ज्या नदीचं पाणी केळीला दिलं ती कोणाची? दोन दिवस मी मनातल्या मनात नानांशी भांडत होते. तिसऱ्या दिवशी वर्गात चाचणी घेत होते. एक मुलगा काहीही लबाडी न करता सारखा उत्तरपत्रिका उचलून मला दाखवत होता, खाली काही लपवलं नाही म्हणून. त्याला कोणी विचारलंही नव्हतं. मी त्याला म्हटलं, "अरे, लिही की निवांत." आणि म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं. मीही तीन वर्षं हेच करत होते. एकेक पुस्तक उचलून दाखवत होते: बघा, मी इथलीच आहे, काही लपवलेलं नाही.

ही सवय कधी लागली ते मला नीट आठवतं. पण आधी आबांचं सांगायला हवं.

आबा म्हणजे आईचे वडील. आईबाबांच्या लग्नाला ते आले नव्हते. दोन वर्षं त्यांनी मुलीचं नाव काढलं नाही. बाबांना जळगावला केळीच्या रोपवाटिकेत नोकरी लागली होती. मी झाले तेव्हा आबा एका दुपारी सांगितल्याशिवाय जळगावच्या घरी येऊन उभे राहिले. मला मांडीवर घेतलं. बाबांशी मात्र एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी स्वयंपाक बाबांनी केला होता. त्यांच्या गावी कच्ची केळी हेच रोजचं जेवण. सोललेली कच्ची केळी शिजवून, त्यात शेंगदाण्याचं वाटण घालून ते एक घट्ट कालवण करत. आबांनी आयुष्यभर केळी पिकवली, पण असली केळी कधी खाल्ली नव्हती. मुकाट्याने ताट संपवलं, हात धुतले आणि जावयाकडे न बघता पहिलं वाक्य बोलले, "मीठ कमी शे."

आई सांगते, त्या तीन शब्दांवर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाबांनी दुसऱ्या दिवशी मीठ जास्त घातलं.

त्यानंतर बाबा प्रत्येक सुट्टीत आबांच्या बागेत राबायला जायचे. पाणी धरायचे, बुंध्याशी फुटलेली पिलं काढायचे, घडाला टेकू द्यायचे. प्रमाण मराठी त्यांना कोणी शिकवलीच नाही. ऑफिसात ते इंग्रजी आणि हिंदीवर भागवत. शिकले ती बागेतली अहिराणी, आबांकडून आणि मजुरांकडून. आबांना फार मौज वाटली ती एका गोष्टीची. बाबांच्या गावाकडच्या भाषेत गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, पैशाला पेसा, चहाला चाय आणि पुस्तकाला किताबु. आबा बांधावर बसून आल्यागेल्याला सांगायचे, "हाऊ ते आपलाच मानूस शे."

मी पाच-सहा वर्षांची असताना आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून भडगावच्या बाजारात न्यायचे. त्यांना बाजारात काही घ्यायचं नसायचं. ते मला दाखवायला न्यायचे, हे मला फार उशिरा कळलं. लोक थांबायचे, माझ्याकडे टक लावून बघायचे, आणि कोणीतरी विचारायचंच, "आबा, हाई कोनी पोर शे?"

आबा सायकलची घंटी वाजवायचे आणि एकच शब्द बोलायचे. "मनी."

माझी. त्यापुढे खुलासा नाही. विचारणाऱ्याला बाजूला व्हावं लागायचं, कारण आबा घंटी थांबवत नसत.

गावात असं होतं. जळगावच्या शाळेत आबा नव्हते. स्नेहसंमेलनात राक्षसीण कोण होणार हे बाई दरवर्षी न विचारताच ठरवायच्या. तीन वर्षं मी राक्षसीण झाले. चौथ्या वर्षी मी म्हटलं, मला सूत्रधार व्हायचंय. बाई म्हणाल्या, "तुझे उच्चार?" माझे उच्चार वर्गात सगळ्यांत स्पष्ट होते. त्यांना ऐकूच आले नव्हते, कारण त्या ऐकत नव्हत्या, बघत होत्या.

केसांचंही तसंच. शाळेचा नियम दोन वेण्या आणि लाल रिबिनी. माझे केस खाली लोंबत नाहीत, ते वर उभे राहतात. आई रोज सकाळी खोबरेल तेल आणि कंगवा घेऊन लढाईला बसायची आणि दोघीही रडकुंडीला यायचो. शेवटी एका रविवारी बाबांनी मला समोर पाटावर बसवलं. लहानपणी त्यांनी आपल्या बहिणींचे केस विणले होते. कंगव्याच्या दांडीने त्यांनी माझ्या डोक्यावर सरळ रेघा पाडल्या आणि डोक्याला चिकटून बारीक वेण्यांच्या ओळी विणत गेले. "ही सरी, हा वरंबा," प्रत्येक ओळीला म्हणायचे. दोन तास लागले. आरशात बघितलं तर डोक्यावर नीट आखलेलं शेत.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी आईला बोलावून घेतलं. "हे काय डोक्यावर?"

आई शेतकऱ्याची मुलगी, आवाज बांधावरून हाक मारायचा. म्हणाली, "नियमात लिहिलंय, केस बांधलेले असावेत. यापेक्षा घट्ट बांधलेले केस तुमच्या शाळेत दुसऱ्या कोणाचे असतील तर मला दाखवा."

मुख्याध्यापिकांनी खरोखरच एकदा व्हरांड्यातून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "जाऊ दे वर्गात." त्या महिन्यातच माझ्या वर्गातल्या दोन मुली रविवारी सकाळी आमच्या दारात येऊन बसल्या, त्यांनाही तसंच डोकं हवं होतं म्हणून. बाबांनी त्यांच्या आयांना विचारून घेतलं आणि मग त्यांच्याही डोक्यावर सरी-वरंबे आखले.

आणि तरीही, पुस्तकं होती. मी वाचनालयातून आठवड्याला तीन पुस्तकं आणायची. प्रत्येक पुस्तकातली चांगली मुलगी गोरीपान. नाक चाफेकळी. केस लांबसडक. काळ्या रंगाचं कोणी आलं की समजायचं, आता काहीतरी वाईट होणार. मी नऊ वर्षांची असताना त्यावर उपाय शोधला. पेन्सिल घेऊन जिथे जिथे 'गोरीपान' होतं तिथे काट मारून वर 'काळीभोर' लिहायला लागले. लांबसडकच्या जागी 'कुरळे'. दोन महिने कोणाला कळलं नाही. मग एका परीकथेच्या पुस्तकात राजकन्या काळीभोर झालेली ग्रंथपालांच्या नजरेस पडली आणि त्यांनी बाबांना बोलावलं. मी खोडलेली सगळी पुस्तकं त्यांनी टेबलावर रचून ठेवली होती. एकोणीस. शिक्षा अशी की सगळं रबराने पुसायचं.

बाबा माझ्या शेजारी बसले. त्यांना देवनागरी अक्षरं लावून लावून वाचता येत होती. एका रबराचे दोन तुकडे केले, एक मला दिला. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत पुसत होतो. एका पानावर ते थांबले. बराच वेळ ती ओळ वाचत होते. मग ग्रंथपालांकडे बघून त्यांनी हिंदीत विचारलं, "साहब, यह एक रहने दें?"

ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाही म्हणाले. बाबांनी ते पुसलं. घरी येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

त्यानंतर मी पुस्तकात मला शोधणं बंद केलं. त्याऐवजी पुस्तकांतून मराठी गोळा करू लागले. म्हणी, वाक्प्रचार, जुने शब्द. कोणी माझ्याकडे भुवया उंचावून बघितलं की त्याच्यापेक्षा अस्सल शब्द टाकायचा. बी.एड.ला होते तेव्हा, नोकरीच्या मुलाखतीला, लग्नानंतर सासरच्या नातेवाइकांत, सगळीकडे हे हत्यार चाललं. वाचनगटातही तेच चालू होतं. नानांनी ते ओळखलं होतं.

माझा पुढचा नंबर आला तेव्हा मी एक इंग्रजी कादंबरी घेऊन गेले. ती मी अनेक वर्षांपूर्वी वाचली होती आणि कोणाला न सांगता दर दोन-तीन वर्षांनी परत वाचत होते. लेखिकेचे आईवडील दोन वेगळ्या वंशांचे, नायिकेचेही. मुलगी एका थंड, पावसाळी परदेशी शहरात वाढते. तिची आजी दूरच्या बेटावरून तिथे आलेली. आजीचं इंग्रजी शाळेतलं नाही, तिच्या बेटावरच्या घराघरांतलं आहे, वाकडंतिकडं आणि जिवंत.

नेहमीपेक्षा जास्त कुरकुर झाली. "तीनशे पानं इंग्रजी?" "मराठीत मिळत नाही का?" माझी मैत्रीण म्हणाली, "पण आपला त्याच्याशी संबंध काय?" म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"माझा आहे," मी म्हणाले. "नानांनी विचारलं होतं ना माझं पुस्तक कुठलं? हे."

नाना म्हणाले, "विचारलं मी, म्हणजे मला वाचायलाच हवं. पण मॅडम, माझं इंग्रजी मनिऑर्डरच्या फॉर्मपुरतं."

आणि मी, जिने आयुष्यात समीकरणांशिवाय काही सोडवलं नव्हतं, म्हणून बसले, "मी मराठीत करून आणते. दर रविवारी एक प्रकरण वाचून दाखवीन."

डॉक्टरताईंनी लगेच दर रविवारची बैठक जाहीर केली. आता माघार घेता येणार नव्हती.

पहिलं वाचन पूर्ण फसलं. मी शाळा सुटल्यावर रोज बसून प्रकरण मराठीत उतरवलं होतं. शब्द न् शब्द बरोबर होता. वाचायला लागले आणि दहा मिनिटांत एक जण डुलक्या घेऊ लागले. पहिल्या प्रकरणात मुलगी वर्गातल्या चिडवण्याला कंटाळून कात्रीने आपले केस कापून टाकते आणि आजीसमोर येऊन बसते. माझ्या मराठीत आजी म्हणत होती, "केस कापलेस तर कापलेस. ते पुन्हा वाढतील. परंतु तू मान खाली का घालतेस?"

वाचून झालं तेव्हा डॉक्टरताई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मुलगी खरी वाटते. आजी खोटी वाटते. ती रेडिओवरच्या बातम्या दिल्यासारखी बोलते."

मला राग आला, कारण ते खरं होतं. ती आजी असं बोलूच शकत नव्हती. तिची भाषा पुस्तकी नव्हती, आणि मला मात्र पुस्तकी मराठीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मी इतकी वर्षं मेहनत करून जे कमावलं तेच आडवं आलं होतं.

घरी आल्यावर जळगावला आईला फोन लावला. म्हटलं, "एक वाक्य अहिराणीत सांग." आणि आजीचं वाक्य वाचून दाखवलं.

आईने सांगितलं. बरं होतं. पण मागून बाबांचा आवाज आला, "अशी नही बोलाव ती." आईने फोन स्पीकरवर टाकला. बाबा आता सत्तरीच्या पुढे आहेत, आवाज थोडा खरखरीत झालाय. त्यांनी मला ते वाक्य इंग्रजीत परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "आजी चिडेल शे का दमेल शे?"

"चिडलीही आहे आणि दमलीही," मी म्हणाले.

बाबांनी ते वाक्य एकदा स्वतःशी पुटपुटलं. मग बोलले:

"केस कापी टाकात ते टाकात. उगतीन परत. पन मुंडी खाले घालीसन कसाले बठनी?"

मी पटकन लिहून घेतलं. ती आजीच होती. केस पुन्हा उगवतील, पण मुंडी खाली घालून का बसलीस? अर्थ तोच, पण आता समोर कोणीतरी बसलेलं होतं, पदर खोचून, पुढ्यात भाजीची विळी घेऊन.

त्यानंतर रोज शाळेतून आले की फोन लावायचा. मुलीचं आणि निवेदनाचं मराठी मी करायचे, आजीची अहिराणी बाबा. आई मध्येच दुरुस्ती करायची. दोघांचं भांडण व्हायचं. आई म्हणायची, "माझी बोली आहे, मला माहीत." बाबा म्हणायचे, "तू कॉलेजमा गई, तुनी बिघडनी. मनी तुना बापनी शे." आणि हे त्यांचं म्हणणं तसं खरंच होतं. आई वसतिगृहात राहून शहरी बोलायला शिकली होती. बाबांना ती संधीच मिळाली नव्हती. आबांचे शब्द, पिकाच्या आणि पाण्याच्या भाषेतले, मजुरांच्या शिव्यांसकट, बाबांकडे जसेच्या तसे होते.

दुसऱ्या रविवारी मी तेच पहिलं प्रकरण परत वाचलं. आजीच्या वाक्यापाशी आले. "मुंडी खाले घालीसन कसाले बठनी?" नानांच्या हातातला कप तसाच थांबला. पुढे आजी नातीला जेवायला वाढते, ओरडते, जवळ घेते, पुन्हा ओरडते. हशा पिकला. मग हळूहळू कोणी हसेना. वाचन संपलं तेव्हा नाना खिडकीकडे बघत होते. एवढी वर्षं माझ्याशी प्रमाण मराठीत बोलणारे नाना अहिराणीत म्हणाले, "हाई ते मनी माय बोली ऱ्हायनी." ही तर माझी आई बोलतेय.

मग सगळेच आपापल्या घरच्या बोलीत बोलू लागले. माझी मैत्रीण, जिने संबंध काय विचारलं होतं, ती सांगू लागली की लहानपणी शहरातल्या शाळेत ती 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाली म्हणून वर्ग हसला होता, आणि तिने तो शब्द पुन्हा कधी तोंडातून काढला नाही. तीस वर्षं. "आज काढते," म्हणाली. "शे! शे! शे!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

कादंबरी संपायला चार महिने लागले. कोणी एक रविवार चुकवला नाही. डुलक्या घेणारे काका तर अर्धा तास आधी यायला लागले.

त्याच सुमारास जळगावात खानदेशातल्या वाचनगटांचा एक दिवसाचा मेळावा ठरला. प्रत्येक गटाने वीस मिनिटं काहीतरी सादर करायचं. आमच्या गटाने मला न विचारता माझं नाव दिलं. मी म्हटलं, गणिताच्या बाईंचं काय ऐकायचं लोकांनी? नाना म्हणाले, "मॅडम, आता मुंडी वर करा."

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत आमचा गट, दुसऱ्या रांगेत आई आणि बाबा. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मी माइकसमोर उभी राहिले तेव्हा नेहमीची ती कुजबुज झाली, जी मी कुठेही उभी राहिले की होते. मी ती संपू दिली. मग वाचायला सुरुवात केली.

आजीचं पहिलं वाक्य झालं आणि मागच्या रांगांतून आवाज आला, "व्वा!" त्यानंतर वीस मिनिटं मी त्या लोकांना कुठेही नेऊ शकत होते. थंड शहरातल्या त्या छोट्या खोलीत गिरणेकाठची म्हातारी बसली होती आणि कोणालाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मी थांबले तेव्हा टाळ्या थांबेनात. मी मुलांना शंभरपैकी शंभर मिळताना पाहिलंय. मला स्वतःला ते कसं वाटतं हे त्या दिवशी कळलं.

अमळनेरकडचे एक वयस्कर गृहस्थ उठले. अहिराणीचे शब्द आयुष्यभर वहीत उतरवत आलेले. म्हणाले, "अशी अहिराणी आते कोन बोलस? आमच्या घरातही राहिली नाही. कोनी करी हाई?"

मी दुसऱ्या रांगेकडे हात केला. "माझ्या बाबांनी."

सगळ्या माना वळल्या. लोक आईच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाकडे बघू लागले. मी माइकवर म्हणाले, "तिकडे नाही. हे. पांढऱ्या सदऱ्यातले."

बाबा उठले. उंच, काळे, पांढऱ्या केसांचे. कोणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. त्यांनी एकदा आईकडे बघितलं.

"मी काय जास्त बोलत नही," ते म्हणाले. "हाई बोली माले मना सासरानी शिकाडी. केळीसना बागमा, पानी देता देता. तो सांगे, मी करू."

सासऱ्यांनी शिकवली, केळीच्या बागेत, पाणी देता देता; ते सांगायचे, मी करायचो. एवढंच बोलून ते खाली बसले. आणि ते सभागृह उठून उभं राहिलं. आधी ते अमळनेरचे गृहस्थ, मग त्यांची रांग, मग सगळे. आई बसूनच होती, कारण तिला रडताना उभं राहता येत नाही. मी माइकसमोर उभी होते आणि मला जराही रडू येत नव्हतं. मी हसत होते, दात दाखवून, एखाद्या पोरीसारखी. त्या गृहस्थांनी नंतर बाबांना गाठलं आणि वही उघडून त्यांच्याकडून शब्द लिहून घेत बसले. बाबा अधूनमधून त्यांचं शुद्धलेखन तपासल्यासारखं वहीत डोकावत होते, जणू तेच पाहुण्याला भाषा शिकवत होते. तसं ते शिकवतच होते.

चहाच्या वेळी मी बाहेर पायऱ्यांवर आले. नऊवारीतल्या एक आजीबाई खांबाला धरून उभ्या होत्या. नातीबरोबर आल्या होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं असं त्यांनीच सांगितलं. मला वाटलं, आता त्या नेहमीचा प्रश्न विचारतील. त्यांनी माझा दंड धरला.

"बेटी, त्या धल्लीनं मंग काय जयं व?"

त्या म्हातारीचं पुढे काय झालं? त्यांना तेवढंच हवं होतं. अर्ध्यावर सोडलं होतं मी.

मी त्यांना पायरीवर बसवलं, शेजारी बसले आणि सांगायला लागले. आत पुढच्या गटाचं नाव पुकारलं गेलं, त्यांची नात हाक मारून गेली, पण त्या हलल्या नाहीत. मी त्यांना आजीबद्दल सांगितलं, नात मोठी झाल्याचं, त्या दोघींच्या भांडणाचं, आणि सगळं अहिराणीत, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते मला आता आठवतच नव्हतं.